घरातले वीजबचतीचे बल्ब: सोलापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आधी तारेचे पिवळे बल्ब होते, मग सीएफएल (वळलेल्या नळीचे पांढरे बल्ब) आले, आता सगळीकडे एलईडी आहेत. तिन्हींचा संसार जवळून बघितल्यामुळे शेजारीपाजारी, पाहुणे, कारखान्यातली मंडळी बल्ब उडाला की मलाच विचारतात. प्रश्न त्यांचे आहेत, त्यांच्याच भाषेत. उत्तरं अनुभवाची आहेत आणि जिथे आकडे लागतात तिथे आकडेही आहेत.

घरातले सगळे बल्ब बदलले, तरी बिल तेवढंच येतंय. हे कसं काय?

आधी सांगा, काय काढून काय लावलं? ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो. त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर सव्वा-दीड युनिट. म्हणजे एका बल्बमागे साडेसात युनिट वाचली, हे बिलात दिसतं. पण तुमच्याकडे आधीपासून १५ वॅटचे सीएफएल असतील तर एका बल्बमागे महिन्याला एक युनिटसुद्धा वाचत नाही. चार बल्ब बदलून तीन-साडेतीन युनिटांचा फरक पडणार. तो बिलात शोधायला भिंग लागेल.

दुसरं असं की सोलापुरात वीज खातो तो पंखा. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे तो दिवसाचे १८ तास तरी फिरतोच, म्हणजे एका पंख्याची महिन्याला ४० युनिट झाली. दोन पंख्यांची ८०. त्यात २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला की अजून ३० युनिट. शिवाय पाणी येतं त्या दिवशी मोटर चालते ती वेगळी. बल्ब बदलून झाले असतील तर पुढचा पैसा बीएलडीसी पंख्यात, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्यात घाला. तो तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढंच वारं देतो. बल्बच्या प्रश्नाला पंख्याचं उत्तर देतो म्हणून लोक हसतात, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात हिशोब तिथेच आहे.

मग बल्बच्या बचतीचा उपयोग काहीच नाही का?

आहे, पण बिलातल्या टप्प्यांमुळे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, त्यापुढे ३०१ ते ५०० आणखी महाग. तुम्ही युनिट वाचवता तेव्हा ती नेहमी वरच्या टोकाची, म्हणजे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातली कमी होतात. ज्यांचं रीडिंग ११० च्या आसपास असतं त्यांनी दोन पिवळे बल्ब काढले की ते १०० च्या आत येतात. तिथे फरक हातात जाणवतो. ज्यांचा वापर ६० युनिट आहे त्यांना तेवढ्याच बचतीचे पैसे खूप कमी मिळतात. शिवाय स्थिर आकार बल्ब बदलून हलत नाही. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) युनिटांवर लागतो आणि १६ टक्के वीज शुल्क एकूण आकारावर, त्यामुळे ते मात्र थोडे उतरतात.

बिल हातात घ्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची युनिट बघा आणि मग बोला. मे आणि डिसेंबरची तुलना करून बल्बला दोष देणारे मला बरेच भेटतात.

चालू असलेले सीएफएल काढून टाकायचे का?

नाही. वरचा हिशोब बघितला असेलच. चालतायत तोवर चालू द्या. फक्त संडास-बाथरूममधला सीएफएल आधी बदला. सीएफएल पूर्ण उजेडात यायला मिनिटभर घेतो आणि दिवसातून वीस वेळा चालू-बंद केला की लवकर जातो. एलईडीला चालू-बंदचं काही वाटत नाही.

खोक्यावर १५ हजार तास लिहिलं होतं. आमचा तर वर्षभरात उडाला. फसवणूक आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोज ५ तासांनी १५ हजार तास म्हणजे आठ वर्षं होतात. पण तो आकडा मुळात उजेड देणाऱ्या चिपचा असतो, आणि तोही सौम्य तापमानात. तेवढ्या तासांनंतर चिपचा उजेड साधारण ७० टक्क्यांवर येतो, असा त्याचा अर्थ. बल्ब मात्र चिपमुळे क्वचित जातो. तो जातो त्याच्या पोटातल्या ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हर म्हणजे २३० व्होल्टची वीज चिपला सोसेल अशी करून देणारं छोटं सर्किट. त्यात एक नळकांड्यासारखा कपॅसिटर असतो, आत द्रव असलेला. गरमीने तो द्रव आटत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा त्या धंद्यातला ढोबळ नियम आहे.

आता हा बल्ब सोलापुरात आणा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे. वर स्लॅब दिवसभर तापलेला, रात्री दहापर्यंत तो उष्णता खाली सोडत असतो. पत्र्याचं छप्पर असेल तर बघायलाच नको. त्यात बल्ब छताला चिकटून, काचेच्या बंद गोळ्यात, तोंड खाली करून लावलेला. त्याची स्वतःची उष्णता वर जाते आणि वरच तर ड्रायव्हर बसलेला आहे. एलईडी तापत नाही हा गैरसमज. हात लावून बघा, बल्बचा पुढचा दुधी भाग कोमट लागेल, पण होल्डरजवळचा भाग चांगला चटका देईल.

मेलेला बल्ब उघडला तर गोष्ट दिसते. दुधी टोपी काढली की गोल पट्टीवर पिवळ्या चौकटी असतात. त्याच चिप. मूळ उजेड निळा असतो, वरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. (या निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं.) एखाद्या चौकटीच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका असेल तर ती चिप जळाली. सगळ्या चिप एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब बंद. ठिपका कुठेच नसेल आणि कपॅसिटरचं डोकं फुगलं असेल तर उष्णतेनं मारलं असं समजा.

उपाय साधे आहेत. बंद गोळा असेल तर काढा किंवा कमी वॅटचा बल्ब लावा. पत्र्याखाली असेल तर वायर फूट-दीड फूट खाली सोडा. स्वयंपाकघरात गॅसच्या बरोबर वर बल्ब नको. आणि खरेदीची पावती खोक्यातच ठेवा. बऱ्याच कंपन्या एक-दोन वर्षांत बल्ब बदलून देतात, पण पावती मागतात.

व्होल्टेजमुळे बल्ब उडतात असं वायरमन म्हणतो. खरं आहे?

निम्मं खरं. कमी व्होल्टेजनं एलईडी सहसा जात नाही. पिवळा बल्ब व्होल्टेज उतरलं की लालसर व्हायचा आणि आपल्याला कळायचं. चांगला एलईडी शंभर-सव्वाशे व्होल्टपासून पुढे तेवढाच उजेड देतो, त्यामुळे व्होल्टेज उतरलेलं कळतही नाही. किती ते किती व्होल्टवर चालतो ते खोक्यावर छापलेलं असतं, ते बघून घ्या.

मारतो तो अचानक आलेला झटका. लाईट जाऊन परत येते तो क्षण, जवळपास वीज पडणं, एकाच लाईनवर मोठ्या मोटरा चालू-बंद होणं. यंत्रमागाच्या पेठांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. खोक्यावर ४ केव्ही सर्जसारखा (म्हणजे ४००० व्होल्टचा झटका सोसणारा) आकडा असेल तर असा बल्ब दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या. वळवाच्या पावसात खांबावरची न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) सुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. तिथे कुठलाच बल्ब टिकत नाही. अचानक सगळे दिवे डोळे दिपतील असे लागले, पंखा सुसाट सुटला, की आधी मेन स्विच पाडा. फ्रिज-टीव्ही वाचवा, बल्बचं काय, तो शंभराच्या आसपास मिळतो.

बटण बंद केलं तरी एलईडी मिणमिणतो. भूत आहे का घरात?

भूत नाही, वायरिंग आहे. तीन कारणं असतात. बटणातच छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून थेंबभर करंट बल्बपर्यंत जातो. लांब वायर दुसऱ्या चालू वायरीला चिकटून गेली असेल तरी तसंच होतं. पिवळा बल्ब एवढ्यानं पेटायचा नाही, एलईडीला मात्र तेवढंही पुरतं. या दोन्हींत धोका नाही, विजेचा खर्चही नगण्य.

तिसरं कारण गंभीर आहे: बटण फेजवर (वीज आणणाऱ्या वायरीवर) नसून न्यूट्रलवर बसवलेलं. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज आलेलीच असते आणि बल्ब बदलताना बोट लागलं तर झटका बसतो. बटण बंद ठेवून वायरमनला होल्डरच्या पिनांना टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला तर वायरी उलट करून घ्या. त्यासाठी स्वतः स्टुलावर चढू नका.

पांढरा घ्यावा की पिवळा?

दुकानात बहुतेक जण पांढराच मागतात. पांढरा म्हणजे जास्त उजेड अशी समजूत आहे. रंग केल्विनमध्ये मोजतात: ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला, ३००० किंवा २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. वॅट सारखे असले की उजेडात फार फरक नसतो. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा ४००० किंवा ६५००, झोपायच्या खोलीत आणि देवघरात ३०००. रात्री उशिरापर्यंत निळसर उजेडात बसलं की झोप लांबते, हे डॉक्टरही सांगतात.

पण सोलापूरकरांनी केल्विनपेक्षा एक दुसरा आकडा बघावा: सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप, १०० पैकी. स्वस्त बल्बात लाल रंगाचा भाग कमी पडतो. चादरीचा मरून पट्टा आणि शेजारचा तपकिरी पट्टा अशा बल्बखाली एकच दिसतात. चादर दारात नेली, उन्हात धरली, की मरून मरून होतो. घरगुती वापराला ८० पुरतो. पण ज्यांच्या घरात चादरी-टॉवेलचा माल तपासला जातो, सुताचे रंग जुळवले जातात किंवा शिवणकाम चालतं त्यांनी ९० च्या वरचाच घ्यावा. नवी पेठेत साडी घेताना बाई दुकानाबाहेर येऊन पदर बघते, तिला सीआरआय माहीत नसेल, पण ती करते तेच बरोबर आहे.

९ वॅटचा लावला तर घरात अंधार वाटतो. १५ चा घेऊ का?

घ्या, पण आधी लुमेनचा आकडा बघा. वॅट म्हणजे बल्ब किती खातो, लुमेन म्हणजे किती देतो. ६० वॅटचा पिवळा साधारण ७०० लुमेन द्यायचा. चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. ९ वॅट लिहून ६०० लुमेन देणारेही बाजारात आहेत, आणि खोक्यावर लुमेन लिहिलेच नसतील तर तो बल्ब मी हातात घेत नाही.

त्याआधी मात्र बल्ब खाली आणून बघा. अंतर निम्मं केलं की खालच्या जागेवरचा उजेड चौपट होतो. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना हे पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. पत्रा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, सगळं मांडीवरच्या सुपात. छताच्या कोपऱ्यातला १५ वॅटचा बल्ब तिथे पोचेपर्यंत पातळ होतो आणि वर स्वतःच्याच डोक्याची सावली सुपात पडते. त्याच घरात ७ वॅटचा बल्ब डाव्या बाजूला हात-दोन हात उंचीवर टांगला की काम नीट दिसतं. डाव्याने लिहिणारी किंवा वळणारी असेल तर उजवीकडे. पोरांच्या अभ्यासालाही हाच नियम.

देवघरातला झिरोचा बल्ब वीज खातच नाही ना?

खातो. जुना रंगीत झिरो बल्ब १२ ते १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा कमी भार नीट नोंदला जात नसे, म्हणून त्याचं नाव झिरो पडलं. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर सगळं मोजतात. देवघरात तो चोवीस तास असतो, म्हणजे १५ वॅटच्या हिशोबानं महिन्याला जवळजवळ ११ युनिट. बैठकीतल्या ९ वॅटच्या एलईडीच्या आठपट! अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, महिनाभरात अर्धं युनिटही होत नाही. आजी म्हणतील उजेड बदलला. लाल किंवा पिवळसर रंगाचा आणा, चालतं.

लाईट गेल्यावर आपोआप पेटणारा बल्ब घ्यावा का?

एखादा असावा, जिन्यात किंवा बाथरूममध्ये. त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते. ती चार्ज व्हायला बटण सात-आठ तास चालू ठेवावं लागतं. लोक दिवसा बटण बंद ठेवतात आणि रात्री म्हणतात पेटत नाही. लाईट गेली तरी बटण चालूच हवं, तुम्ही बटण बंद केलं की तो समजतो घरच्यांनी बंद केला. हे त्याला कळतं लाईनवर जोडलेल्या इतर वस्तूंमुळे, त्यामुळे मेन स्विच पाडला तर काही घरांत तो पेटतच नाही. हातात धरून तळाच्या पिनांना बोट लावलं की पेटतो, ती जादू दाखवून पोरं बॅटरी संपवतात. आणि पत्र्याखाली लावू नका, बॅटरीला गरमी अजिबात सोसत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर या बल्बची गरज नाही.

हातगाडीवरचा स्वस्तातला बल्ब आणि दुरुस्त करून मिळणारा बल्ब कसा?

जळालेल्या चिपवर टाका मारून बल्ब परत पेटवून देणारे कारागीर आहेत, हात चांगला असतो त्यांचा. पण एक चिप वगळली की स्वस्त सर्किटात बाकीच्यांवर जोर येतो आणि काही महिन्यांत दुसरी जाते. जिन्यात, माळ्यावर चालेल. एक मात्र पाळा: दुधी टोपी नसलेला बल्ब कधीही होल्डरला लावू नका. स्वस्त बल्बात चिपची पट्टी थेट मेन लाईनला जोडलेली असते, बोट लागलं तर तितकाच झटका बसतो.

नवा घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, त्याखाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि बीईईचे (सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचे) तारे बघा. सरकारच्या उजाला योजनेतले स्वस्त ९ वॅटचे एलईडी बल्ब आठवत असतील, ५ जानेवारी २०१५ ला ती देशभर सुरू झाली आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. दुकानातले भाव खाली आले ते त्या घाऊक खरेदीमुळेच. सुरुवातीला एलईडीला तीन-चारशे मोजावे लागायचे.

एनटीपीसीचं वीजनिर्मिती केंद्र सोलापुरातच आहे. मग वीज आपण का वाचवायची?

फताटेवाडीचं केंद्र १३२० मेगावॉटचं, ६६० चे दोन संच. पण तिथली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते, वाटपाप्रमाणे कुठेही. जवळ तयार झाली म्हणून आपल्या होल्डरात आधी येत नाही. याच सोलापुरातून रायचूरला गेलेल्या ७६५ केव्ही लाईननं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, इतकी ती वीज फिरती आहे. केंद्राला कोळसा बाहेरून येतो, पाणी मात्र उजनी धरणाचं लागतं. उजनीचं पाणी आपल्या नळाला किती दिवसांनी येतं ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात बल्बभोवती किडे. एलईडीनं कमी होतात का?

होतात. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात. पिवळसर घेतला तर आणखी कमी. दारातला ६५०० काढून २७०० लावा.

आकाशकंदिलात कोणता?

५ वॅटचा पिवळसर. पूर्वी पिवळ्या बल्बनं कंदिलाचा कागद करपायचा, ती भीती गेली. पावसाची सर येऊ शकते, होल्डर पाणी न लागणारा घ्या.

सीएफएल फुटला. आता?

घाबरू नका, पण झाडूही घेऊ नका. त्यात थोडा पारा असतो, जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरपट असायचा. पंखा बंद, खिडक्या उघड्या, पोरं बाहेर, पंधरा मिनिटं खोलीत कुणी नको. मग जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीनं उचला, ओल्या कागदानं फरशी पुसा, आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. झाडूनं पारा सगळीकडे पसरतो. गादी-सतरंजीवर फुटला असेल तर ती उन्हात आणि मोकळ्या हवेत टाका.

न फुटलेले जुने सीएफएल आणि ट्यूबही घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या नियमांपासून हे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. वेगळ्या खोक्यात साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब बसते का?

बसते, पण स्टार्टर आणि चोक काढून. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५०-५५ वॅट खायची, एलईडीची २० वॅटमध्ये भागते. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. ट्यूबवरच्या चिकटपत्रावर आकृती असते, तीच वायरमनला दाखवा. अंदाजानं जोडली तर पहिल्याच बटणाला फट् होते. पट्टी गंजलेली असेल तर तो खटाटोप सोडा आणि सरळ नवी एलईडी पट्टी घ्या, मजुरी धरून तीच स्वस्त पडते.